तीव्र स्वादुपिंडशोथ : रक्तवाहिन्यांतील विरळ कारणे

तीव्र स्वादुपिंडशोथाचा हेतू शोधताना विचार बहुधा पित्ताश्म आणि मद्य यांपाशी थांबतो. रुग्णसंख्या पाहता ते स्वाभाविकच आहे. ही दोन्ही नसली, रक्तातील मेद व कॅल्शियमही मर्यादेत असले, की ‘अज्ञातहेतुक’ असा शिक्का बसतो. रक्तवाहिन्यांकडे दृष्टी वळते ती त्यानंतर, आणि कित्येकदा वळतच नाही.

या उपेक्षेचे मूळ शरीररचनेत आहे. सीलियाक आणि ऊर्ध्व आंत्रबंध या दोन्ही रोहिण्यांच्या शाखा ग्रंथीच्या शीर्षाभोवती कमानी करून परस्परांस मिळतात. उरलेल्या भागास मुख्यतः प्लीहा रोहिणी रक्त पुरविते. त्यामुळे एखादी मोठी वाहिनी हळूहळू अरुंद झाली, तरी ग्रंथी सहसा तग धरते. कमानींपलीकडील सूक्ष्म वाहिन्यांना असा आधार नाही. पानुम याने १८६२ मध्ये कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या रोहिणीत मेणाचे कण सोडून रक्तस्रावी शोथ उत्पन्न केला, तो याच मार्गाने. मनुष्यात मेणाची जागा कोलेस्टेरॉलचे स्फटिक घेतात. महारोहिणीत नळी फिरविल्यानंतर ते तिच्या भित्तीवरून सुटतात. पायाची बोटे निळी पडली असून नाडी मात्र लागते आणि वृक्कांचे कार्य खालावत आहे, अशा रुग्णास पोटदुखी झाल्यास हे कारण प्रथम आठवावे.

वाहिनी मोकळी असूनही प्रवाह मंदावला, तरी हाच परिणाम संभवतो. हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने शस्त्रक्रिया झालेल्या ३०० रुग्णांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८० जणांत स्वादुपिंडाच्या पेशींस इजा झाल्याचा पुरावा आढळला. तीव्र रूपाचा शोथ मात्र तिघांनाच झाला. शस्त्रक्रियेनंतरच्या अल्प रक्तदाबाबरोबरच कॅल्शियम क्लोराइडची मोठी मात्राही तेथे धोक्याची ठरली. तेव्हा सारा दोष अरक्ततेवर टाकणे योग्य नव्हे. शिवाय असा रुग्ण गुंगीत असल्याने वेदना सांगू शकत नाही, आणि वाढलेले अमायलेज लाळग्रंथींतूनही आलेले असू शकते.

प्लीहा नीलेतील रक्ताची गुठळी किंवा रोहिणीचा आभासी फुगवटा चित्रणात दिसताच त्यास कारण मानण्याचा मोह होतो. बहुतेक वेळा ती शोथाची फळे असतात. याउलट, बहुरोहिणीशोथ अथवा ल्यूपस यांत वाहिन्यांचा दाह हे खरोखरच मूळ असू शकते. तेथे केवळ उपवास व शिरेवाटे द्रव यांवर विसंबल्यास मूळ रोग वाढतच राहतो. स्टेरॉइड वेळीच सुरू करावे लागते. ‘अज्ञातहेतुक’ या शिक्क्यामुळे नेमका तोच वेळ वाया जातो.