'बीपीओ' म्हणजे कॉल सेंटर नव्हे! कृत्रिम पाय घडवणाऱ्यांचे शिक्षण नेमके कसे असते?

बारावीनंतर 'बीपीओ'ला प्रवेश घेतला, असे सांगितले की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे कॉल सेंटर का?" प्रत्यक्षात ही आहे 'बॅचलर इन प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स' ही पदवी. अपघातात किंवा मधुमेहामुळे पाय गमावलेल्या माणसाला पुन्हा चालते करण्याचे काम यात शिकवले जाते. 'नीट'चा निकाल लागला की एमबीबीएस, बीडीएसची चर्चा होते; हा पर्याय मात्र अनेकांना माहीतही नसतो. या पदवीत काय शिकवतात, प्रवेश कसा मिळतो आणि शुल्क भरण्याआधी काय तपासायला हवे?

प्रोस्थेटिक्स आणि ऑर्थोटिक्समध्ये फरक काय?

शरीराचा जो भाग उरलेला नाही, त्याच्या जागी कृत्रिम अवयव बसवणे म्हणजे प्रोस्थेटिक्स. जो भाग आहे, पण दुबळा किंवा वाकडा आहे, त्याला बाहेरून आधार देणे म्हणजे ऑर्थोटिक्स. पोलिओ झालेल्यांचे कॅलिपर, मणक्याचा पट्टा, मधुमेहींचे खास बूट हे सगळे ऑर्थोटिक्समध्ये येते. जन्मतः पाऊल आत वळलेल्या बाळांना प्लास्टरनंतर दांडीने जोडलेले बूट घालतात, तेही यातलेच. हे बूट पहिले तीन महिने दिवसाचे सुमारे २३ तास आणि त्यानंतर साधारण चार वर्षांचे होईपर्यंत झोपताना घालावे लागतात. ते नीट बसले नाहीत तर मूल ते घालू देत नाही आणि पाऊल पुन्हा वळू लागते.

तयार पाय मिळत असताना पदवी कशाला?

पाऊल, नळी, गुडघ्याचा सांधा हे भाग तयार मिळतात. तयार मिळत नाही ते 'सॉकेट', म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो पेला. प्रत्येकासाठी तो वेगळा घडवावा लागतो.

गुडघ्याखालून पाय कापलेला असेल, तर वजन कुठे पेलायचे हा पहिला प्रश्न असतो. गुडघ्याच्या वाटीखालचा जाड स्नायूबंध दाब सहन करतो. नडगीचे टोक आणि बाहेरच्या बाजूचे हाड करत नाही. म्हणून आधी उरलेल्या पायावर प्लास्टरची पट्टी गुंडाळून साचा घेतात. त्यात प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती तयार करतात. जिथे वजन घ्यायचे, तिथे ती खरवडतात. जिथे हाड टोचेल, तिथे प्लास्टरचा थर वाढवतात. मग तापवलेला प्लास्टिकचा पत्रा तिच्यावर ओढून सॉकेट बनवतात.

खरवडताना काही मिलिमीटरची चूक झाली तरी जखम होऊ शकते. मधुमेहीच्या पायाला संवेदना कमी असते, त्यामुळे ती जखम त्याला कळतही नाही. सॉकेट सैल झाले, तर पाय आत खालीवर सरकतो. मग महागडा पायही दाराआड उभा राहतो आणि माणूस पुन्हा कुबड्या घेतो.

आता साच्याऐवजी थ्रीडी स्कॅनर आणि संगणकही वापरले जातात. पण स्कॅनर आकार टिपतो. कोणती जागा दुखते, हे हाताने चाचपून आणि रुग्णाला चालवूनच कळते.

साडेचार वर्षांत काय शिकवतात?

चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप, असे साधारण स्वरूप आहे. शरीररचना, शरीरक्रिया आणि अस्थिविकार यांच्या जोडीला बायोमेकॅनिक्स, पदार्थविज्ञान आणि वर्कशॉप असते. सकाळी ओपीडीत रुग्ण तपासायचा आणि दुपारी कानस घेऊन साचा घासायचा, अशी ही पदवी निम्मी वैद्यकीय आणि निम्मी अभियांत्रिकी आहे.

पुढे दोन वर्षांची 'एमपीओ' ही पदव्युत्तर पदवी करता येते. त्यासाठी बीपीओ आवश्यक असते. इंजिनीअरिंगनंतर थेट प्रवेश मिळत नाही. परदेशी जाणाऱ्यांनीही तिथले नियम आधी पाहावेत. अमेरिकेत या व्यवसायात येण्यासाठी मास्टर्स आणि त्यानंतर रेसिडेन्सी लागते.

प्रवेश कुठे आणि कसा?

मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत (स्थापना १९५५) हे शिक्षण मिळते. राज्याच्या सीईटी कक्षाच्या 'नीट'आधारित प्रवेश प्रक्रियेत हा अभ्यासक्रम 'बीपी अँड ओ' या नावाने येतो. पसंतीक्रम भरताना हे नाव लक्षात ठेवावे.

राज्याबाहेर कटकजवळच्या ओलटपूर येथील स्वामी विवेकानंद राष्ट्रीय संस्था आणि कोलकात्याची राष्ट्रीय संस्था हे जुने पर्याय आहेत. या संस्थांसाठी स्वतंत्र सामाईक परीक्षा घेतली जात आली आहे. तिच्यात बीपीओसाठी जीवशास्त्राऐवजी गणित घेतलेल्यांनाही संधी दिली जाते. नियम बदलत असल्याने त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचूनच अर्ज करावा.

आरसीआय मान्यता का महत्त्वाची?

भारतीय पुनर्वसन परिषद कायदा, १९९२ नुसार केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव असल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. उल्लंघन केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंदणी मिळते ती परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्यता दिलेल्या संस्थेतील शिक्षणावरच. विद्यापीठाची मान्यता आहे, पण परिषदेची नाही, अशा ठिकाणी साडेचार वर्षे घातली तर पदवी हातात असूनही काम करता येणार नाही.

गरज किती, काम कुठे?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग आहेत. त्यात हालचालीशी संबंधित दिव्यांगत्व असलेले सुमारे ५४ लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या मानकांनुसार दर दहा लाख लोकसंख्येमागे असे ५ ते १० तज्ज्ञ हवेत. १४० कोटींच्या देशाचा हिशेब केला, तर किमान सात हजार.

दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुण्यात सुरू झालेले कृत्रिम अवयव केंद्र, १९६८ मध्ये घडलेला 'जयपूर फूट', कानपूरची सरकारी कंपनी 'अलिम्को' ही या क्षेत्रातील ओळखीची नावे. आज कामाच्या संधी सरकारी रुग्णालये, पुनर्वसन केंद्रे, स्वयंसेवी संस्था, खासगी क्लिनिक आणि अवयव बनवणाऱ्या कंपन्यांत आहेत.

हे काम एका भेटीत संपत नाही. उरलेला पाय कालांतराने बारीक होतो, मुलांचा तर वाढत जातो. सॉकेट पुन्हा पुन्हा बदलावे लागते आणि रुग्ण वर्षानुवर्षे त्याच माणसाकडे परत येतो.

अर्ज करण्याआधी एवढे तपासा

- संस्थेचे नाव आरसीआयच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त यादीत आहे का?
- मान्यता नेमकी बीपीओ अभ्यासक्रमासाठी आणि तुमच्या प्रवेशाच्या वर्षासाठी आहे का?
- संस्थेचे स्वतःचे वर्कशॉप आणि रुग्ण येणारी ओपीडी आहे का? शक्य असल्यास एकदा जाऊन पाहा.