परसबागेची पहिली पेरणी : तीन वाफे, पाच पालेभाज्या

नाशिक जिल्ह्यातून रोज भाजीपाल्याच्या गाड्या मुंबईकडे जातात. लासलगावचा कांदा आणि पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो देशभर पोहोचतो. पण याच जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्या घरात हिरवी पालेभाजी आठवड्यातून किती वेळा शिजते? आणि शिजली, तर घरातल्या बाईच्या ताटात ती किती उरते?

हा प्रश्न उगाच विचारलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत हे प्रमाण शंभरात जवळपास ६९ होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे खावीत. हातावर पोट असलेल्या घराला चौघांसाठी रोज दीड किलो भाजी विकत घेणे परवडत नाही. महिनाअखेरीला आधी भाजीच कमी होते.

चार वाफ्यांची परसबाग ही सगळी गरज भागवणार नाही, हे सुरुवातीलाच समजून घ्यावे. पण ताटातून सर्वात आधी गायब होणारी पालेभाजी ती आठवड्यातून तीन-चार वेळा परत आणू शकते. ज्यांनी आजवर कधी मातीत हात घातला नाही, त्यांनी सुरुवात कशी करावी, ते पाहू.

जागा कुठून आणायची?

दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी जन्मलेल्या कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. कसायला जमीन द्या, ही त्यांची मागणी होती. आजही आपल्यातील असंख्य कुटुंबांकडे गुंठाभर जमीन नाही, त्यामुळे बाग हा विषय आपला नाही असे वाटते. पण पालेभाजीला गुंठाही लागत नाही. तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब असे तीन वाफे पहिल्या वर्षी पुरेसे आहेत. रुंदी तीन फुटांपेक्षा जास्त ठेवू नये, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचतो आणि वाफ्यात पाय देऊन माती दाबली जात नाही.

अंगण नसेल तर गच्ची किंवा गॅलरी चालते. पालेभाजीला तीन-चार तास ऊन पुरते. वांगी, टोमॅटो, भेंडी यांना मात्र किमान पाच-सहा तास लागते. टोमॅटोचे जुने क्रेट आपल्याकडे सहज मिळतात. त्यात आतून गोणपाट लावले की पालेभाजीचा वाफा तयार होतो. वीस लिटरची बादलीही चालते, तळाला चार-पाच भोके मात्र हवीत. कीटकनाशकाचे किंवा कारखान्यातील रसायनाचे डबे कितीही धुतले तरी वापरू नयेत. ओल्या मातीने भरलेल्या बादलीचे वजन पंचवीस-तीस किलो होते. म्हणून गच्चीवर ती मधोमध न ठेवता भिंतीच्या कडेने ठेवावी. भाड्याचे घर किंवा सोसायटी असेल तर आधी परवानगी घ्यावी.

माती आणि खत

नाशिक परिसरात बऱ्याच ठिकाणी काळी, चिकट माती आहे. ती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात चिखल होतो आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. तिच्यात चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळले की ती मोकळी होते. अठरा चौरस फुटांच्या एका वाफ्याला दोन-तीन घमेली खत घालावे. ताजे शेण घालू नये, त्याने कोवळी मुळे जळतात आणि हुमणीही येते. क्रेट किंवा बादलीसाठी दोन भाग माती, दोन भाग खत आणि एक भाग वाळलेल्या पानांचा चुरा असे मिश्रण करावे.

माती कुठून आणतो यालाही महत्त्व आहे. कारखान्यांच्या नाल्याकाठची, मोठ्या रस्त्याच्या कडेची किंवा जुना रंग खरवडलेल्या भिंतीलगतची माती घेऊ नये. शिशासारखे जड धातू अशा मातीत साठतात आणि पालेभाज्या ते शोषून घेतात. सांडपाण्यावर भाजी वाढवणेही टाळावे.

खत विकत घेण्याऐवजी घरीही करता येते. रोज घंटागाडीत जाणारी भाजीची देठे आणि फळांच्या साली भोके पाडलेल्या बादलीत टाकाव्यात. प्रत्येक थरावर दुप्पट वाळका पालापाचोळा घालून आठवड्यातून एकदा हलवावे. दोन-तीन महिन्यांत काळे, मातीचा वास येणारे खत तयार होते. घाण वास आला तर ओलावा जास्त झाला असे समजून पाचोळा वाढवावा.

केव्हा काय पेरावे?

नवख्या माणसाला सर्वात सोपा हंगाम हिवाळ्याचा. धम्मचक्र प्रवर्तन दिन, म्हणजे १४ ऑक्टोबर, ही खूण लक्षात ठेवावी. तोवर नाशिकचा पाऊस सहसा ओसरलेला असतो आणि थंडी जवळ येते. त्या आठवड्यात मेथी, पालक, कोथिंबीर, शेपू आणि लाल माठ या पाच भाज्या पेराव्यात.

मेथी आणि माठ पंचवीस-तीस दिवसांत काढणीला येतात. शेपू आणि कोथिंबिरीला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात. पालकाची पहिली कापणी महिन्या-सव्वा महिन्यात होते. पालक मुळासकट उपटू नये. जमिनीपासून दोन बोटे वर कापला तर दर पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा मिळतो. ऑक्टोबरच्या मध्यात पेरलेल्या पालकाची ६ डिसेंबरपर्यंत दुसरी कापणी घरात यावी.

नवखे लोक एक चूक हमखास करतात. सगळे बी एकाच दिवशी पेरतात. मग एका आठवड्यात एवढी मेथी होते की खाववत नाही आणि पुढचा महिनाभर वाफा रिकामा राहतो. वाफ्याचे तीन भाग करावेत आणि दर दहा दिवसांनी एक भाग पेरावा.

पावसाळ्यात वाफा वीतभर उंच करावा, नाहीतर मुळे कुजतात. तेव्हा अंबाडी, माठ, भेंडी, गवार लावावी, कुंपणावर दोडका आणि गिलके चढवावे. मार्चनंतर मेथी-कोथिंबीर लवकर फुलावर जाते. त्या दिवसांत माठ आणि राजगिरा तग धरतात. जागा असेल तर एक शेवगा लावावा. त्याचा पाला वर्षातला बराच काळ मिळतो आणि शेंगा वेगळ्या.

बियाणे, पेरणी, पाणी

मेथीदाणे आणि धणे स्वयंपाकघरातल्या डब्यातलेच चालतात. धणे हलके रगडून दोन भाग करावेत आणि रात्रभर भिजवावेत. पालकाचे बीही भिजवावे. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पटच खोल पेरावे. खोल गेले तर उगवत नाही. दुकानातल्या पाकिटातले गुलाबी किंवा निळे रंगवलेले बी औषध लावलेले असते. ते मुलांच्या हाती लागू देऊ नये, उरलेले धान्याच्या डब्यांजवळ ठेवू नये आणि पेरल्यावर हात साबणाने धुवावेत.

नाशिकला लागून असलेल्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले आणि वाटले. त्या कामासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. आपणही प्रत्येक भाजीची दोन-तीन सशक्त झाडे न तोडता फुलावर जाऊ द्यावीत. पुढच्या वर्षीचे बी फुकट मिळते.

पाणी झारीने, सकाळी द्यावे. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. नवख्यांची झाडे तहानेपेक्षा जास्त पाण्याने मरतात. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे नको.

मावा दिसला तर प्रथम पाण्याच्या फवाऱ्याने पाने धुवावीत. तेवढ्याने गेला नाही, तर पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळून संध्याकाळी फवारावी. फवारलेली भाजी काही दिवस थांबून, धुऊनच वापरावी. बाजारातले जहाल औषध घरच्या पालेभाजीवर मारायचे असेल तर बाग करण्यात अर्थ उरत नाही.

बागेतून आजार येऊ नयेत

कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास तयार होतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळ्या ताटल्या आणि बादल्या कोरड्या कराव्यात, पाण्याची पिंपे झाकून ठेवावीत. मातीत अनवाणी काम करू नये. मधुमेह असलेल्यांनी तर मुळीच नाही, कारण पायाची जखम त्यांना कळत नाही. खुरपे लागले तर जखम धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबाबत डॉक्टरांना विचारावे. पाचोळ्याचा ढीग दारालगत ठेवू नये, त्यात साप-विंचू दडतात. कच्ची खायची पाने वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुवावीत, नाहीतर पोटात जंत जातात आणि रक्त वाढण्याऐवजी कमी होते.

ताटात येताना

पालेभाजीतले लोह शरीराला सहज लागत नाही. वर लिंबू पिळले, सोबत टोमॅटो किंवा पेरू खाल्ला तर ते जास्त शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी होते, म्हणून चहा तासभर लांब ठेवावा. भाजी आधी धुवावी, मग चिरावी.

बाग हे औषध नव्हे. धाप लागणे, चक्कर, फिकेपणा असेल तर रक्त तपासावे. सरकारी आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. पालेभाजी खातो म्हणून त्या थांबवू नयेत. विदर्भातील आपल्या समाजात आणि आदिवासी भागात सिकलसेल आढळतो, तिथे रक्त कमी होण्याचे कारणच वेगळे असते. अशा घरातल्यांनी तपासणी न करता मनाने लोह घेऊ नये. मूतखडा असलेल्यांनी पालकाबद्दल आणि रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्यांनी सर्वच पालेभाज्यांच्या प्रमाणाबद्दल डॉक्टरांना विचारावे.

विहाराच्या आवारात

ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर नागरिकांना भाजीसाठी जमिनीचे तुकडे भाड्याने देण्याची जबाबदारी टाकली. आजही तिथे अशा जागांसाठी लोक रांगेत असतात. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण अनेक वस्त्यांत विहाराचे आवार आहे, नळ आहे आणि दर आठवड्याला एकत्र येणारी माणसे आहेत. विहार समितीची लेखी संमती घ्यावी. पाच-सहा कुटुंबांनी एकेक वाफा वाटून घ्यावा. पाण्याचे वार ठरवून फळ्यावर लिहावेत. खुरपी-झारी सामाईक ठेवावी. निघालेल्या भाजीचा पहिला हिस्सा वस्तीतल्या गरोदर आणि बाळंत बायकांना द्यावा. हे आधीच ठरलेले बरे, नंतर वाद होत नाहीत.

आणि घरोघरी एक नियम असावा : बागेतली पहिली भाजी शिजेल त्या दिवशी ती घरातल्या बाईच्या ताटात आधी वाढली जावी. शेवटी उरलेली नव्हे. हिमोग्लोबिन तिचे कमी आहे.