अर्ज लंडनला, बंड बदामीला

८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना संपवलं. पाच फासावर, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्या घालून. उत्तरेतल्या उठावाच्या बातम्या ऐकून सातारा पेटला, असं सांगण्याची रीत आहे. मला ते पटत नाही. हा हिशेब १८३९चा आहे.

त्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीनं छत्रपती प्रतापसिंहांना गादीवरून उतरवून काशीला धाडलं. आरोप काय, तर म्हणे गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान. धाकटे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर बसले, पण मुलखाला ते रुचलं नाही. कराडकडे धारराव पवार उठले. १८४१ मध्ये तर नरसिंग दत्तात्रय पेटकर नावाच्या अंध ब्राह्मणानं अरबांची तुकडी घेऊन थेट बदामी काबीज केली आणि किल्ल्यावर साताऱ्याच्या राजाचं निशाण चढवलं. डोळ्यांनी दिसत नसताना किल्ला घेणारा हा गडी शाळेत आम्हाला कुणी सांगितला नाही! कंपनीची फौज आली, किल्ला गेला, पेटकरांना जन्मठेप झाली.

    

इकडे प्रतापसिंह महाराजांच्या नावानं तलवारी निघत होत्या, पण खुद्द महाराजांचा भरवसा कागदावर. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते, रोहिडखोऱ्यातले, शिवरायांचे सोबती दादाजी नरसप्रभूंच्या घराण्यातले. लंडनमध्ये त्यांनी कंपनीच्या दारात चौदा वर्षं काढली. अर्ज, छापील पत्रकं, गोऱ्या साहेबांच्या गाठीभेटी, आणि वाढतं कर्ज. तोवर १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीतच वारले. पुढच्या वर्षी शहाजीही गेले, आणि गव्हर्नर जनरल डलहौसीनं दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केलं. दावा उरला, अशील गेला, मालमत्ताही गेली.

रंगो बापूजी परतले ते कायद्याच्या वाटेवरची सगळी दारं ठोठावून. मग त्यांनीच गुप्तपणे माणसं जमवायला घेतली. मांग, रामोशी, कोल्हापूरच्या पलटणीतले शिपाई. खजिना लुटायचा, तुरुंग फोडायचा, छावणीवर चालून जायचं. बेत फुटला आणि धरपकड सुरू झाली. राजघराण्यालाही साताऱ्यातून हलवलं. फाशी गेलेल्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. बापावर इनाम लागलं. ते मात्र अखेरपर्यंत कंपनीच्या हाती लागले नाहीत.