क्षयाची गोळी आणि ताटातला बांगडा

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. रेवदंड्याकडच्या एका वस्तीत आम्ही संध्याकाळी गेलो होतो. गवंडीकाम करणाऱ्या एका काकांना क्षयाचे औषध सुरू होऊन दोन महिने होत आले होते. सहज विचारले, "काका, गोळ्या चालू आहेत ना?"

"सोडल्या," काका म्हणाले. "गोळी बाधते मला. परवा जेवलो आणि तोंड लालबुंद झालं, डोकं ठणकायला लागलं, छाती धडधडायला लागली."

काकू म्हणाल्या, "आम्ही तर घाबरूनच गेलो, दादा. आता नको ती गोळी."

जेवायला काय होते, असे विचारल्यावर कळले की बांगड्याचे कालवण होते. मासळी सकाळी घेतली होती आणि दुपारपर्यंत बर्फाविना पिशवीतच होती. गुन्हेगार सापडला, पण तो एकटा नव्हता.

बांगडा, कुपा, सुरमई, तारली ही मासळी उन्हात किंवा बर्फाविना राहिली की तिच्यात जंतू वाढतात आणि हिस्टामीन नावाचे द्रव्य तयार होते. मासा वासाला चांगला वाटतो, तरी ते आत असू शकते. उकळून, तळून किंवा खारवून ते जात नाही. एरवी आपले शरीर थोडेफार हिस्टामीन मोडून टाकते. पण क्षयाच्या औषधातील आयसोनियाझिड हे मोडण्याचे काम अडवते. मग घरातल्या इतरांना तोच मासा पचतो आणि रुग्णालाच त्रास होतो. श्रीलंकेत कुपा खाल्लेल्या क्षयरुग्णांना असाच त्रास झाल्याचे डॉ. उरागोडा यांनी १९८० साली वैद्यकीय नियतकालिकात लिहिले आहे.

म्हणजे चूक गोळीची नव्हती आणि काकांचीही नव्हती. हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. पण गोळ्या अशा मध्येच सोडल्या तर रोग उलटतो, जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि घरातल्या लेकराबाळांनाही धोका होतो.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मासळी सोडू नका, क्षयरुग्णाला ताकदीचे अन्न हवेच. औषध चालू असेपर्यंत बांगडा, कुपा, सुरमई, तारली आणि सुका खारा बांगडा टाळावा. पापलेट, बोंबील, कोळंबी यांत हा धोका फार कमी, पण तीही ताजी व बर्फातलीच घ्यावी. अंडी, डाळी, शेंगदाणे आहेतच. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून रुग्णाच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये येत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले आहेत. ते आहारासाठीच आहेत.

गोळ्या शक्यतो सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्याव्यात, कारण जेवणासोबत त्या कमी भिनतात. मळमळ होत असेल तर गोळी टाकून देऊ नका, डॉक्टरांना विचारा. लघवी नारिंगी झाली तर घाबरू नका, तो रिफाम्पिसीनचा रंग आहे. मात्र डोळे पिवळे झाले, उलट्या होऊ लागल्या, अन्न नकोसे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दारू व ताडी तर पूर्ण बंद ठेवावी, कारण या गोळ्यांचा भार यकृतावर पडतोच, त्यात दारूची भर घातली तर यकृत हात टेकते.

हाच विचार इतर औषधांनाही लागू आहे. पोरीबाळींच्या लोहाच्या गोळ्या चहाबरोबर दिल्या तर लोह अंगी लागत नाही. चहा तास-दोन तासांनी घ्यावा, लिंबूपाणी मात्र चालते. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोसाठी डॉक्सीसायक्लिन दिले तर ते दुधाबरोबर न घेता ग्लासभर पाण्याबरोबर घ्यावे आणि लगेच आडवे होऊ नये.

काकांना दुसऱ्या दिवशी आम्ही आरोग्य केंद्रात घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासून गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आता काकू बाजारात टोपलीपाशी उभ्या राहून आधी बर्फ आहे का बघतात आणि मगच भाव विचारतात. आपल्या वस्तीत कुणी "गोळी बाधते" म्हणाले, तर त्याला आधी विचारा, "काय खाल्लं होतं?"