संशय आणि संशयाचा फायदा

मराठीत ‘संशय’ हा एकच शब्द आपण दोन उलट कामांना लावतो. चाळीत चोरी झाली आणि सगळ्यांची नजर नव्या भाडेकरूकडे वळली, की ‘त्याच्यावर संशय आहे’ असे म्हणतो. तोच भाडेकरू न्यायालयातून सुटला, की ‘त्याला संशयाचा फायदा मिळाला’ असे म्हणतो. पहिला संशय माणसावर असतो, दुसरा आपल्याच पुराव्यावर. इंग्रजीत या दोहोंना वेगळे शब्द आहेत. मराठीत ते एकाच घरात राहतात, आणि त्यामुळे एकाच्या जागी दुसरा कधी येऊन बसला हे चटकन कळत नाही.

खून आणि न्याय यांभोवती फिरणाऱ्या कथा-चित्रपटांकडे या दोन अर्थांच्या अंगाने पाहावे, आणि ते डहाणू-तलासरीच्या संदर्भात पाहावे, असे बरेच दिवस मनात होते. मी कायद्याचा पदवीधर नाही, साहित्याचा प्राध्यापकही नाही. जमेल तसे वाचत आणि टिपणे काढत आलेला एक माणूस आहे. वाचकांनी पुढचे विवेचन त्याच मापाने मोजावे.

माझ्या पिढीला खुनाची पहिली ओळख बाबूराव अर्नाळकरांनी करून दिली. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाचे झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू वाचनालयाच्या फाटक्या प्रतींतून घरोघर पोचले. देशी असो वा विलायती, रहस्यकथेचा सांगाडा साधारण एकच. आधी प्रेत सापडते, मग संशय पाचसहा जणांवर वाटला जातो, आणि शेवटी सगळ्यांना एका खोलीत जमवून गुप्तहेर एकाकडे बोट दाखवतो. या रचनेच्या मुळाशी एक श्रद्धा आहे: मरण आपोआप येत नाही, त्यामागे कोणीतरी असतो, आणि तो इथे जमलेल्यांतच असतो.

ही श्रद्धा डहाणू-तलासरीच्या पाड्यांनाही ठाऊक आहे, मात्र तिथे ती पुस्तकातून आलेली नाही. मूल तापाने गेले, गुरे पटापट मेली, की भगताला बोलावतात. तो सुपात तांदळाचे दाणे पाहतो आणि हे कोणी केले ते सांगतो. पुष्कळदा नाव बाईचे निघते आणि ती ‘भुताळी’ ठरते. बाई एकटी असेल, विधवा असेल, तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असेल, तर तिचा धोका वाढतो. कथेतला गुप्तहेर आणि भगत यांचे काम बाहेरून पाहिले तर सारखेच दिसते: लोक जमवायचे, चिन्हे वाचायची, नाव सांगायचे. फरक इतकाच, की गुप्तहेराला आपले म्हणणे जमलेल्यांना पटवून द्यावे लागते. भगताने नाव घेतले की तेच पुरावा होते.

हे आदिवासींचे वेगळेपण समजायचे कारण नाही. १६९२ मध्ये अमेरिकेतील सेलम गावात न्यायाधीशांच्या साक्षीने हेच घडले आणि चेटकाच्या आरोपावरून १९ जण फासावर गेले. कोणाच्या तरी आकृतीने स्वप्नात येऊन छळले, ही साक्ष तिथे ग्राह्य धरली गेली होती. आर्थर मिलर यांनी १९५३ मध्ये त्यावर ‘द क्रूसिबल’ हे नाटक लिहिले. महाराष्ट्रात असा छळ रोखण्यासाठी कायदा झाला तो २०१३ मध्ये.

पहिल्या जातीचा संशय मुद्दाम पेरताही येतो. तलासरीजवळच्या झरी गावी मे १९४५ मध्ये किसान सभेच्या मेळाव्यात वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी पद्धत झुगारण्याचे ठरवले. त्याच वर्षीच्या १० ऑक्टोबरला जमीनदारांकडून पाड्यापाड्यांवर खबर पसरली: तलवाड्याला गोदावरी परुळेकरांची सभा आहे, त्यांच्यावर गुंड चालून येणार आहेत, हत्यारे घेऊन या. हजारो लोक जमले. तिकडे पोलिसांना सांगण्यात आले, की हत्यारबंद वारली दंग्यासाठी गोळा झाले आहेत. गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. जमाव एकच, पण त्याच्याविषयी दोन खबरी. आणि दोन्ही खऱ्या धरल्या गेल्या. स्वतः कायद्याच्या पदवीधर असलेल्या गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० चे पुस्तक, पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले, हा सगळा काळ आतून दाखवते.

पंचाहत्तर वर्षांनी, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांना ठार मारले. टाळेबंदीत ते आडमार्गाने सुरतेकडे, एका अंत्यविधीला निघाले होते. त्याआधी काही दिवस परिसरात मोबाइलवरून अफवा फिरत होत्या: चोर आलेत, मुले पळवणारे आलेत, मूत्रपिंडे काढणारे आलेत. पोलीस हजर असतानाही तिघांचा जीव वाचला नाही. लगेच दुसरी अफवा उठली, ती मारणाऱ्यांच्या धर्माविषयी; ती थांबवण्यासाठी राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्यांची नावे जाहीर करावी लागली. पहिली अफवा पाड्यांवरची होती, दुसरी शहरांतल्या शिकलेल्या लोकांची. दोन्हींची रीत एकच होती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला भिक्षा मागून जगणाऱ्या पाच जणांना अशाच अफवेने मारले होते.

रहस्यकथेचा सांगाडा इथे उलटा होतो. कथेत आधी खून, मग संशय. इथे आधी संशय, मग खून. कथेत संशयित अनेक आणि खुनी एक. इथे संशयित दोनतीन आणि खुनी शेकडो.

अगाथा ख्रिस्तीच्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’मध्ये (१९३४) मारणारे अनेक आहेत. बारा जण मिळून एकाला भोसकतात आणि प्वारो त्यांना सोडून देतो. वाचकाला ते खटकत नाही, कारण मेलेला माणूस एका बालिकेचा मारेकरी होता याची खात्री लेखिकेने दिलेली आहे. अशी खात्री फक्त कादंबरीकारच देऊ शकतो. चौकीवर गाडी अडवणाऱ्या जमावालाही स्वतःविषयी तीच खात्री वाटत असते, पण ती देणारा कोणी नसतो.

त्याच काळातला फ्रिट्झ लँगचा ‘फ्युरी’ (१९३६) हा चित्रपट मला म्हणूनच अधिक प्रामाणिक वाटतो. अपहरणाच्या संशयावरून एका वाटसरूला कोठडीत टाकतात आणि जमाव तुरुंगच पेटवतो. खटल्यात सारे गाव एकमेकांसाठी खोटी साक्ष देते. मग वृत्तपटाची फीत न्यायालयात दाखवतात आणि २२ आरोपींना आपलेच चेहरे पडद्यावर दिसतात. जमावाचा पुन्हा एकेक माणूस होतो. गडचिंचले प्रकरणात २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर जामिनाचे अर्ज आले, तेव्हाही चित्रण पाहिले गेले. हल्ल्यात कोण प्रत्यक्ष दिसतो आणि कोण केवळ गर्दीत उभा दिसतो, असा फरक करून दहा जणांना जामीन मिळाला, आठ जणांना नाकारला गेला. जमावाने तीन माणसांना जी वेगळी नजर दिली नाही, ती त्या जमावातल्या माणसांना न्यायालयाने दिली. मेलेल्यांच्या बाजूने पाहिले तर हे बोचते. तरीही न्याय आणि सूड यांत फरक आहे तो इथेच.

पण हा दुसरा संशय सगळ्यांच्या वाट्याला येतो का? विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि गोविंद निहलानींनी दिग्दर्शित केलेला ‘आक्रोश’ (१९८०) हाच प्रश्न विचारतो. लहान्या भिकू या आदिवासीवर बायकोच्या खुनाचा आरोप आहे. खरे गुन्हेगार गावातले वजनदार लोक आहेत. तरुण वकील भास्कर कुलकर्णी परोपरीने विचारतो, पण लहान्या बोलत नाही. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही, असे संविधानाचा अनुच्छेद २० सांगतो; म्हणजे कागदावर गप्प राहणे हा हक्क आहे. लहान्याची चुप्पी मात्र हक्काची नाही. आपले ऐकणारे कोणी नाही, हे कळून चुकलेल्या माणसाची ती चुप्पी आहे. सरकारी वकील दुसाने स्वतः आदिवासी समाजातून आलेले आहेत, तरी ही भिंत फुटत नाही. संशयाचा फायदा मिळण्यासाठी आधी कोणाच्या तरी मनात संशय यावा लागतो, की हा कदाचित निर्दोष असेल. वजनदारांविरुद्ध तो यायला हिंमत लागते, आणि गरिबासाठी तो यायला वेळ काढावा लागतो.

वेळ हाच मला यातला कळीचा मुद्दा वाटतो. अफवा वेळ देत नाही: आता निघा, उद्या उशीर होईल. चौकशीला, उलटतपासणीला, दुसऱ्या बाजूचे ऐकायला दिवस लागतात, आणि लांबलेल्या खटल्यांना कंटाळलेले आपण तेवढ्यावरून न्यायालयालाच दोष देतो. लांबण लावणे वेगळे आणि खातरजमा करणे वेगळे, हे आपल्याला एकमेकांना सांगावे लागेल.

रहस्यकथेला आपल्याकडे कायम हलके साहित्य मानले गेले. तिची एक उपयुक्तता मात्र नजरेआड झाली. पन्नासाव्या पानावर आपण छातीठोकपणे कोणाला तरी खुनी ठरवतो, आणि दोनशेव्या पानावर तो निर्दोष निघतो. आपण चुकलो याचा त्या वेळी आनंदच होतो, कारण आपल्या संशयाने तोवर कोणाचा जीव गेलेला नसतो. मोबाइलवरचा संदेश पुढे धाडण्याआधी ही दीडशे पाने आठवली, तरी त्या फाटक्या प्रती सार्थकी लागल्या असे मी म्हणेन.