मूठ आणि पातं

शनिवार-रविवारच्या सकाळी एचएसआर लेआउटच्या रस्त्यांवर खांद्याला क्रिकेटची किट अडकवलेली माणसं दिसतात. आठवडाभर संगणकापुढे बसणारी ही मंडळी, त्यांत पुण्या-नागपूरकडची मराठी मुलंही. किटमधली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे बॅट, आणि इंग्लिश विलोची असेल तर विचारायलाच नको. ‘बॅटीची निगा’ हा विषय संपादकांनी दिला तेव्हा मी सुरुवात बेंगळुरूच्या या भागातून केली. तेल आणि हातोड्यापासून निघालेला शोध मुठीपाशी येऊन थांबला.

इतिहास दोन ओळींत सांगता येतो. १७७१ मध्ये थॉमस व्हाइट नावाचा इंग्लिश खेळाडू यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन खेळायला उतरला आणि त्यानंतर बॅटीच्या रुंदीवर सव्वाचार इंचांची मर्यादा आली, ती आजही कायम आहे. ऑक्टोबर २०१७ पासून कडेची जाडी ४० मिलिमीटर आणि पात्याची एकूण जाडी ६७ मिलिमीटर यांच्यापुढे जाता येत नाही.

मला गुंतवून ठेवलं ते मूठ आणि पातं यांच्या सांध्यानं. पूर्वी अख्खी बॅट एकाच लाकडातून कोरत, त्यामुळे चेंडूचा हादरा थेट मनगटात जायचा. आज आपण वापरतो ती रचना १८८० च्या दशकातली, चार्ल्स रिचर्डसन यांच्या नावावर असलेली. सेव्हर्न नदीखालच्या रेल्वे बोगद्याचे हे मुख्य अभियंता. वेताच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून मूठ करायची, पट्ट्यांमध्ये रबर घालायचं, मुठीचं टोक पाचरीसारखं निमुळतं तासायचं आणि विलोच्या पात्यात तेवढ्याच मापाच्या खाचेत ते बसवायचं. खिळा नाही, स्क्रू नाही. पातं मऊ आणि हलकं, मूठ लवचीक. दोघांना धरून ठेवतो तो सरस आणि कारागिराचा हात.

म्हणून मूठ बदलणं हे बॅटदुरुस्तीतलं सगळ्यात अवघड काम. आधी ग्रिप उतरवायची, दोरा उलगडायचा. मग जुनी मूठ खाचेतून काढायची ती करवत आणि पटाशीनं, थोडी थोडी करून, कारण पात्याला धक्का लागला तर सगळंच संपलं. खाचेच्या भिंतींवरचा जुना सरस खरवडताना खाच केसभरही रुंदावता कामा नये. नवी मूठ तासायची, बसवून बघायची, काढायची, पुन्हा तासायची. दोन्ही बाजू आतून पूर्ण टेकल्याशिवाय चांगला कारागीर सरसाला हात लावत नाही. सरस लावला की शिकंज्यात आवळून बॅट ठेवून द्यायची, आणि इथे घाई करणाऱ्याच्या हाती हे काम द्यायचंच नाही. कोन जरा चुकला तरी बॅट हातात वेगळी लागते. खेळाडूला ती उचलताक्षणी कळतं.

ही कला जाणणारी माणसं मोजकीच. बेंगळुरूचे राम भंडारी मूळचे बिहारचे, सुतारकाम जाणणारे. द्रविड, तेंडुलकर यांच्यासारख्यांच्या बॅटी त्यांच्या हाताखालून गेल्या आणि वृत्तपत्रांनी त्यांना ‘बॅट डॉक्टर’ म्हटलं. दक्षिण मुंबईतल्या ‘एम. अश्रफ ब्रदर्स’चे अश्रफ चौधरी, खेळाडूंचे अश्रफचाचा, यांनी तेंडुलकर, कोहली, स्टीव्ह स्मिथ यांच्या बॅटी दुरुस्त केल्या. ऑगस्ट २०२० मध्ये ते इस्पितळात होते, टाळेबंदीत धंदा बसला होता आणि तेंडुलकरनं त्यांच्या मदतीला धाव घेतली. ही बातमी वाचून आनंद झाला तसं वाईटही वाटलं. देशातल्या नामवंत फलंदाजांची हत्यारं सांभाळणारा माणूस आजारी पडला की एका खेळाडूच्या चांगुलपणावर अवलंबून राहतो. त्याच्या हातातल्या विद्येला दुसरा कसलाच आधार नाही.

माझी खरी काळजी इथूनच सुरू होते. एचएसआरसारख्या भागात नवी वस्तू दारात यायला वेळ लागत नाही, त्यामुळे मूठ तुटलेली बॅट घरातल्या कोपऱ्यात जाते. त्यात कित्येकदा बॅट मोडते ती आपल्याच निष्काळजीपणानं. ‘नॉकिंग करून दिलेली’ एवढं दुकानात ऐकून पहिल्याच दिवशी सीझन बॉलचा यॉर्कर खेळला की खालचं टोक चिरतं. पात्यावर कारखान्यात दाब दिलेला असतो हे खरं, पण कडा आणि टोक पक्कं व्हायला लाकडी हातोड्यानं कित्येक तास ठोकावं लागतं: आधी हलक्या हातानं, मग जोर वाढवत, कडांवर तिरकं, टोकाच्या बुडावर थेट कधीच नाही. त्यानंतर जुना चेंडू, आणि मगच नेट.

तेलाचाही अतिरेक होतो. कच्चं जवसाचं तेल चमचाभर, पातळ हातानं, पुढून-मागून आणि कडांना पुरतं. बॅट आडवी ठेवून ते जिरू द्यायचं. पाजतच राहिलं तर बॅट जड होते आणि चेंडू मरतो. मुठीच्या सांध्यावर तर थेंबही नको, सरस सुटतो. ओलं मैदान आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी, दोन्ही वाईट: एकात टोक फुगतं, दुसऱ्यात लाकूड सुकून तडकतं. पात्यावर बारीक रेषा उमटल्या तर मात्र घाबरू नका, त्या खेळून येतातच. नियमही डागडुजीला आडवा येत नाही. एक मिलिमीटर जाडीपर्यंतचं आवरण पात्यावर चालतं.

तुमच्या घरात मूठ मोडलेली एखादी बॅट असेल आणि तिचं पातं शाबूत असेल, तर ती टाकू नका. जवळच्या बॅट दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, तो सांगेल तितके दिवस त्याला द्या, आणि मजुरीत घासाघीस करू नका.