मोटारीच्या पुढच्या चाकांचे आवाज

वैद्य रोग्याची नाडी पाहतो, पण त्याआधीं चार प्रश्न विचारतो : कोठें दुखतें, केव्हांपासून दुखतें, काय केलें म्हणजे वाढतें आणि काय केलें म्हणजे थांबतें. मोटारीच्या पुढच्या चाकांकडून येणाऱ्या आवाजाचें निदानही याच रीतीनें करावें लागतें. फरक इतकाच कीं, येथें उत्तरें मालकाला द्यावीं लागतात. “गाडी आवाज करते” एवढेंच सांगून गाडी गॅरेजांत सोडली, तर मेकॅनिक अंदाजानें एखादा भाग बदलतो; पैसे जातात आणि आवाज राहतो. शिवाय यांपैकीं एकदोन आवाज जिवावर बेतणारे असतात. म्हणून ते ओळखावे कसे, हें आज सांगणार आहें.

प्रथम रचना पाहूं. अँबॅसडरसारख्या जुन्या गाड्यांत एंजिनाची शक्ति मागच्या चाकांना जाई. १९८३ सालच्या डिसेंबरांत मारुति ८०० आली, आणि पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी गाडी आपल्याकडे घरोघर झाली. अशा गाडींत पुढच्या चाकावर दोन कामें पडतात : वळणें आणि ओढणें. यासाठीं गिअरपेटीपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याला, म्हणजे ॲक्सलला, दोन सांधे असतात. एक आंतला, गिअरपेटीजवळ, व एक बाहेरचा, चाकाजवळ. बाहेरच्या सांध्यांत बहुधा सहा पोलादी गोळ्या खोबणींतून सरकतात, व दांडा वांकला तरी चाकाला एकसारखी गति मिळते. प्रत्येक सांध्यावर पेटीच्या भात्यासारखा घड्यांचा रबरी बूट असून त्यांत ग्रीस भरलेलें असतें. बूट फाटला कीं ग्रीस बाहेर उडतें, धूळ व पाणी आंत शिरतें, आणि गोळ्या व खोबणी झिजूं लागतात.

आतां आवाजांकडे वळूं. पहिला प्रश्न असा कीं, आवाज चाकाच्या गतीशीं बांधलेला आहे कीं एंजिनाच्या? लहान मोटारीच्या चाकाचा परीघ सुमारें १.८ मीटर धरला, तर तासीं १० किलोमीटर वेगानें चाक सेकंदास दीड फेरा करतें. एंजिन मात्र नुसतें चालूं असतांही मिनिटास ८०० च्या आसपास, म्हणजे सेकंदास तेरा फेरे करतें. सरळ मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्यें क्षणभर वाहूं द्यावी. एंजिन मंदावलें तरी आवाज तसाच राहिला, तर तो चाकाकडचा समजावा.

दुसरा प्रश्न : वळतांना काय होतें? मोकळ्या मैदानावर स्टिअरिंग एका बाजूस पुरतें वळवून, किंचित् जोर देत, गाडी सावकाश गोल फिरवावी; मग दुसऱ्या बाजूस. ‘कट् कट् कट्’ असा ठेका ऐकूं आला व जोर दिल्यावर तो वाढला, तर बाहेरचा सांधा झिजला आहे. बहुधा वळणाच्या बाहेरील बाजूचा सांधा दोषी असतो. तरी दोन्हीं बाजूंचे बूट पाहावे.

सरळ जातांना जोर दिल्याबरोबर गाडी थरथरते आणि पाय उचलतांच थरथर थांबते, तेव्हां संशय आंतल्या सांध्यावर घ्यावा.

तिसरा आवाज जात्याच्या घरघरीसारखा. तो वेगाबरोबर चढत जातो. हा चाकाच्या बेअरिंगचा. घाटांतील वळणांवर त्याची परीक्षा आपोआप होते. गाडी डावीकडे वळतांना भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळीं घरघर वाढली तर उजवें बेअरिंग पाहावें, उजवीकडे वळतांना वाढली तर डावें. टायरही असाच घुमतो, परंतु रस्त्याचा पृष्ठभाग बदलला कीं त्याचा सूर बदलतो. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबानें अशीच घरघर ऐकून गाडी गॅरेजांत दिली. तेथें दोन्हीं ॲक्सल बदलले. आवाज कायम राहिला, कारण दोष बेअरिंगचा होता. वळणावर काय होतें, हें त्यांना कोणीं विचारलेंच नव्हतें.

खड्ड्यांतून जातांना होणारी ‘खट्’ बहुधा ॲक्सलच्या सांध्याची नसते; तेथें बॉल जॉइंट, लिंक रॉड किंवा रबरी बुश तपासावे. ब्रेक दाबतांच आवाज बदलला, तर ब्रेकच्या पॅडांकडे पाहावें. कच्च्या रस्त्यानंतर अकस्मात् खरखर सुरूं झाली, तर ब्रेकच्या तबकडीमागें खडा अडकलेला असण्याचा संभव असतो.

शेवटची परीक्षा हाताची. आधीं चाकाचे नट घट्ट आहेत कीं नाहींत तें पाहावें. मग सपाट जागीं, मागच्या चाकांना अटकाव लावून, पुढचें चाक जॅकनें उचलावें व गाडी स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखालीं कधींही शिरूं नये. घड्याळांतील बारा व सहाच्या जागीं चाक धरून हलवावें. खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट ढिला आहे. नऊ व तीनच्या जागींच खेळ असला, तर टाय रॉडचें टोंक पाहावें. चाक हातानें फिरवतांना स्प्रिंगवर दुसरा हात ठेवला, तर बिघडलेल्या बेअरिंगची खरखर बोटांना कळते.

यांत तांतडी कोणाची? कटकटणारा सांधा कांहीं काळ चालतो, तरी तो एक दिवस वाटेंत गाडी उभी करतो. परंतु बेअरिंग वा बॉल जॉइंट तुटला, तर चाकावरचा ताबाच जातो. चाकांत खेळ आढळल्यावर गाडी लांबच्या प्रवासाला नेऊं नये. आणि पावसाळ्यापूर्वीं चारही बूट एकदां वांकून पाहावे. फाटलेला बूट वेळींच बदलला, तर थोडक्या पैशांत सांधा वांचतो. ग्रीस निघून गेल्यावर मात्र सांध्याचीच किंमत मोजावी लागते.